शून्य लोकसंख्येचं गाव

राग गिळला की त्याचे किस्से होतात. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या ऑफिसात २००४ चं अख्खं वर्ष मी तेच केलं, त्यामुळे साठा भरपूर आहे!

काम होतं गाडीतल्या नेव्हिगेशनसाठी फ्रान्सच्या एका खेडवळ जिल्ह्याचा नकाशा. पाचशे चिमुकली गावं, प्रत्येकाला स्वतंत्र सरपंच. मॅनेजर हेमंत, पुण्याचा. फ्रान्स पाहिलेला नाही, पण म्हणे, "जिल्हा म्हणजे जिल्हा यार! तिथे काय वेगळं असणार?"

*

पठ्ठ्याने डेटाबेसमध्ये तालुके पाडले आणि प्रत्येकाला तहसील कचेरी दिली. क्लायंटकडच्या मादामनी कॉलवर विचारलं, "ही ऑफिसं कुठून आणलीत? आमच्याकडे नाहीत."

हेमंतने म्यूट दाबलं आणि माझ्यावरच खेकसला, "कचेरी नाही, तर हे लोक सातबारा कुठून काढतात?"

*

मग एक चाळीस वस्तीचं गाव दिसलं. "चाळिसांना सरपंच कशाला? गट ग्रामपंचायत कर!"

"अरे, आपण नकाशा काढतोय, जिल्हा परिषद नाही चालवत!"

ऐकेल तर शपथ. त्याने चार गावं जोडली. टेस्टमध्ये नेव्हिगेशनने गाडी चारही गावांच्या मधल्या बीटच्या शेतात नेऊन उभी केली. चारही सरपंचांचं आपसात हाडवैर, पण तक्रारीच्या पत्रावर चौघांच्या सह्या!

*

डिलिव्हरीच्या आठवड्यात सहा गावं निघाली, लोकसंख्या शून्य. "गार्बेज डेटा. उडव!"

मी शोधलं. पहिल्या महायुद्धात तोफांनी ही गावं सपाट केली, पुन्हा वसलीच नाहीत. तरी प्रत्येकाला आजही सरपंच आहे.

माझ्या आजोबांचं गाव धरणात गेलं. नकाशात तिथे नुसता निळा रंग आहे. हेही सांगितलं मी त्याला.

"सेंटी होऊ नकोस. उद्यापर्यंत उडव, नाहीतर तुझी ग्रीन कार्डची फाइल कशी हलते ते बघतो."

डोकंच फिरलं माझं! हो म्हटलं आणि हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तपासणीसाठी मादामनी त्यांतल्याच एका सरपंचांना कॉलवर आणलं. म्हातारे गृहस्थ. हेमंत गोड इंग्लिशमध्ये म्हणाला, "सर, गावात कोणीच नाही. मग तुम्ही काम काय करता?"

मादामनी त्यांचं उत्तर इंग्लिशमध्ये सांगितलं, "वर्षातून एकदा जाऊन मेलेल्यांची नावं वाचतो. मला रस्ता पाठ आहे. माझ्यानंतर येणाऱ्याला कोण दाखवणार?"

माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "काका, गाव नकाशात आहे. हा उडव म्हणाला, मी नाही उडवलं!"

"इंग्लिशमध्ये, प्लीज?" मादाम म्हणाल्या.

मी फोन हेमंतपुढे सरकवला. "सांग त्यांना!"