पुढची डावी दांडी

कंपनीच्या फर्स्ट-एड टीममध्ये सांगण्यासारखं काही घडत नाही. घडू नये म्हणूनच आम्हाला ठेवलंय. पण देशात प्रोफेशनल फुटबॉल लीग सुरू झाली, आमची कंपनी इथल्या टीमची स्पॉन्सर झाली आणि पहिल्या सीझनला आम्हा चौघांना स्ट्रेचर देऊन मैदानावर धाडलं. तेव्हापासून इतके किस्से साठलेत की टी-ब्रेक पुरत नाही.

*

पहिलीच मॅच. समोरची टीम एका गोलनं पुढे. वेळ काढायला त्यांचा एक गडी गुडघा धरून आडवा झाला. आम्ही ड्रिलमध्ये शिकवल्याप्रमाणे त्याला उचललं, पट्टे आवळले आणि बाहेर आणलं.

"भाई, मैं ठीक हूँ. खोलो."

आमचा लीडर बबनदादा, वेल्डिंग शॉपचा. त्यानं खिशातून अपघाताचा फॉर्म काढला. "आधी फॉर्म. नाव? डिपार्टमेंट?"

"फॉरवर्ड."

दादानं तेही लिहून घेतलं. तेवढ्यात आपल्या टीमनं गोल फेडला. कोच येऊन दादाच्या गळ्यात पडला. दादा म्हणाला, "सही राहिलीय अजून."

*

दादाचं गाव चाकणजवळ. त्याची आई प्रत्येक मॅच टीव्हीवर बघायची, फक्त लेक दिसावा म्हणून. त्यासाठी दादा दाढी करून यायचा आणि स्ट्रेचरची पुढची डावी दांडी धरायचा, कारण कॅमेरा त्या बाजूला. आम्हीही ती त्याच्यासाठी सोडायचो. मॅच संपली की फोन.

"आई, दिसलो का?"

"न्हाई रं. मानूस पडला की साबनाची जाहिरातच लागती."

*

पुढं पुढं गल्लीतल्या बायकाही तिच्यासोबत बसू लागल्या. खेळाडू पडला की त्या घरात टाळ्या! मग म्हातारीला वाईट वाटायचं. मॅचआधी ती देवापुढं हात जोडायची, "देवा, कुनीतरी पडू दे. पन लागू नगं देऊ."

दादानं हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो खरे, पण मला माझी आई आठवली.

*

शेवटची मॅच. पुढच्या सीझनला स्ट्रेचरचं काम बाहेरच्या एजन्सीकडे जाणार होतं, म्हणजे दादाला हीच संधी. पण ऐंशी मिनिटं झाली तरी एकही गडी पडेना. दादाचा चेहरा बघवत नव्हता.

आणि आपला गोलकीपर गोलच्या खांबाला धडकून पडला. आम्ही धावलो. दादा सगळ्यांच्या पुढं. ओल्या गवतावर त्याचा पाय मुरगळला आणि तो गोलकीपरच्या शेजारीच आडवा झाला. ते बघून गोलकीपर उठला. आम्ही दादाला स्ट्रेचरवर घेतलं आणि पुढची डावी दांडी गोलकीपरनं धरली. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. त्या दिवशी जाहिरात लागली नाही. कॅमेरा थेट अँब्युलन्सपर्यंत आला.

पायाला बँडेज बांधायच्या आधी दादानं फोन लावला, स्पीकरवर.

"आई, दिसलो का?"

"दिसलास. समद्या गावानं पाह्यलं." मग म्हणाली, "आरं पन बबन, बाकीची मानसं राबत्यात आन् तू ड्युटीवर झोपतूस व्हय?"