हेडफोनची डावी बाजू

वस्तू वाजवून घ्यावी, माणूसही वाजवून घ्यावा, आणि तो माणूस दुकानदार असेल तर दोनदा वाजवून घ्यावा, असं त्याचं म्हणणं. म्हणून गल्लीत त्याला टणटण म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच. कुणाला माठ घ्यायचा असो, लोखंडी कपाट घ्यायचं असो, लोक टणटणला हाताला धरून घेऊन जायचे. तो बोटाच्या पेराने वस्तूवर दोन टिचक्या मारायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "चिरलाय. ठेवा खाली." दुकानदार आईची शपथ घ्यायचा. टणटण म्हणायचा, "आईला कशाला मध्ये आणता, तिने थोडाच भाजलाय?"

असा माणूस. जगाने त्याला फार वेळा फसवलं होतं असंही नाही. पण आपण गाफील राहिलो की जग टपलेलंच आहे, ही त्याची खात्री होती, आणि ही खात्री त्याने जिवापाड सांभाळली होती.

काम डब्यांच्या कारखान्यात. पत्र्यातून झाकणं पाडायची. एक लांबलचक शेड, मध्ये चालायची वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना लहान प्रेस मशिनांच्या दोन रांगा, आणि त्यावर काम करणारी माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी. शेडच्या एका टोकाला, भिंतीशी, एक मोठी प्रेस होती. तिला सगळे थोरली म्हणत आणि लहान मशिनांना धाकट्या. धाकट्या नुसत्या कुरकुरायच्या. थोरली एकदा बोलायला लागली की खिडकीच्या काचांनाही घाम फुटायचा. तिच्यासमोर शेडमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे. हाताने खुणा करायच्या नाहीतर ओठांकडे बघायचं. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर कापसाचे दोन बोळे पडायचे. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली की कापूस परत गोळा. पुढच्या वेळी लागतो ना!

हेडफोनचं खूळ निघालं ते घरातून. घर दोन खोल्यांचं, मुलीची परीक्षा तोंडावर, आणि टणटणच्या बातम्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाणाऱ्या.

"अहो," बायको म्हणाली, "बातम्या आपल्यासाठी लावल्यात की चौकातल्या लोकांसाठी?"

"मी काय करू? हल्ली बातम्या सांगणारेच तोंडात गुळणी धरून बोलतात."

"सगळेच?"

"सगळेच. पगार घेतात बोलायचा आणि पुटपुटतात."

मुलीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, एक हेडफोन घ्या. मी पास झाले तर निम्मं श्रेय तुम्हाला."

"आणि नापास झालीस तर?"

"तर सगळं."

झालं. टणटण हेडफोनच्या मागे लागला. एखादा साधा माणूस दुकानात जातो, बोट दाखवतो, घेऊन येतो. हा पठ्ठ्या संध्याकाळी कामावरून सुटला की एकेक दुकान धुंडाळायचा. त्याला हवा होता रोज वापरायचा, घडी करून डब्याच्या पिशवीत मावेल असा, बसमध्ये चेंगरला तरी न मोडणारा, आणि आवाजाला खणखणीत. दुकानदार खोकं पुढे करायचे. तो खोक्याकडे बघायचाच नाही. "खोकं घालू का कानाला?" मग ते लोकांनी दिलेले चांगले शेरे मोबाइलवर दाखवायचे. "चांगलं म्हणायला माणसं भाड्याने मिळतात हो. टाळ्या वाजवायलासुद्धा मिळतात. मी सभा बघितल्यात."

त्याची परीक्षा त्याने स्वतः ठरवली होती. आधी बिजागरी. चकचकीत दिसली की तो तिला नख लावायचा. चंदेरी रंग उडाला आणि खाली प्लॅस्टिक निघालं की खोकं परत. "दिवसभर पत्रा हाताळतो मी. मला पत्रा शिकवू नका." मग वायर. वायर मरते ती मानेत, जिथे ती कानाच्या वाटीत शिरते तिथे, आणि एक वायर मेली की आख्खा हेडफोन तिच्याबरोबर सती जातो. म्हणून वायर काढता-घालता येणारी हवी. कानावरची गादी सुटी मिळायला हवी, कारण गादी फाटली म्हणून कुणी पलंग फेकत नाही. आणि आवाज? दुकानदार हटकून धबधब वाजणारं गाणं लावायचे. टणटण म्हणायचा, "पिंपही धबधब वाजतं. माणसाचा आवाज लावा. साधं बोलणं. लबाडी तिथे कळते."

शेवटी बाजाराच्या मागच्या बोळात एक दुकान सापडलं. काउंटरवर एक ताई बसायची, वयाने त्याच्या धाकट्या बहिणीएवढी. तिने खोकं पुढे केलंच नाही. हेडफोन काढला आणि दोन्ही हातांनी त्याचा पट्टा कचकचून ताणला. टणटणनेच घाईने हात पुढे केला.

"अहो, मोडेल!"

"मोडला तर माझा, काका. नाही मोडला तर तुमचा."

बिजागरी खरोखरच लोखंडी होती. वायर निघत होती. गादी सुटी मिळत होती. ती त्याच्या डाव्या अंगाला येऊन काहीतरी म्हणाली, आणि त्याला वाटलं, आली पुटपुटायला. दुकानदार पुटपुटला की समजावं, किमतीत काहीतरी आहे. तिने तेच परत समोर येऊन सांगितलं, "वर्षाची गॅरंटी आहे म्हटलं." यातही काहीतरी असणार, असं मनाशी धरूनच त्याने तो विकत घेतला.

आणि घरी आल्यावर सापडलं की!

बातम्या लावल्या, डोळे मिटले, आणि उजव्या कानात बाई स्वच्छ बोलत होती, तर डाव्या कानात तीच बाई पदर तोंडावर धरून बोलावं तशी. डावी बाजू कमी! टणटणला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त समाधान झालं. इतके दिवस जो संशय हवेत होता त्याला बूड मिळालं.

बायकोने कानाला लावून बघितलं. "मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय."

"तू भोळी आहेस."

"तुमच्याशी लग्न केलं तेव्हाच सिद्ध झालं ते."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात. ताईने ऐकलं आणि म्हणाली, दोन्ही सारखे आहेत. हा म्हणाला, तुम्ही तसं म्हणणारच, विकलाय तुम्ही. तिने वाद न घालता बदलून दिला. बदललेल्याचीही डावी बाजू कमी! आता तर शंकाच उरली नाही. एक खराब निघाला तर नशीब, दुसराही तसाच निघाला म्हणजे आख्खा मालच बाद आणि दुकानवालीला ते ठाऊक आहे. तो पुन्हा काउंटरवर उभा राहिला, या वेळी आवाज चढवून. बोळातली माणसं थांबून बघायला लागली.

"काका, एक करा," ताई म्हणाली. "उलटा घाला. डावीकडची वाटी उजव्या कानाला. मग सांगा."

"उलटा? उद्या चप्पल आखूड झाली तर पाय कापायला सांगाल. डावी, उजवी अशी खूण कंपनीने कशाला केलीय? मला गंडवू नका."

"घालून तर बघा."

"नाही घालणार."

ताईचाही पारा चढला. "मग साक्षीदार आणा. तुमच्या मर्जीतले आणा, माझ्या नको. त्यांनी डावी कमी म्हटलं तर पैसे परत, आणि दुकानावर पाटी लावते, इथे फसवतात म्हणून. पण नाही म्हटलं तर याच बोळात उभं राहून सांगायचं, चूक माझी होती. आहे कबूल?"

"कबूल!" टणटण म्हणाला. म्हणून तर बसला, पण घरी जाताना त्याला पहिल्यांदा कळलं की आता गोष्ट हेडफोनची राहिली नाही. उभ्या गल्लीत ज्याचा कान प्रमाण, त्याने भर बोळात कान पकडायचा? मग दुसऱ्या दिवसापासून कुणाचा माठ कोण वाजवून देणार!

दुपारच्या सुट्टीत थोरली गप्प झाली आणि तो हेडफोन घेऊन रांगेत फिरला. शेजारच्या मशिनवरचा पैलवान, म्हणजे काडीसारखा माणूस, आधी डोक्याला लावून म्हणाला, "मी यात कसा दिसतो?"

"माकड दिसतोस. ऐक. कुठली बाजू कमी?"

पैलवानाने ऐकलं. "डावी."

टणटणने मांडीवर थाप मारली. त्याच्या पलीकडच्याने ऐकलं. डावी. त्याच्याही पलीकडच्याने घास तोंडात ठेवून ऐकलं आणि डाव्या कानाकडे बोट करून हात हलवला. टणटणची छाती फुगली. साक्षीदार म्हणजे साक्षीदार, एकजात एकच जबाब! त्याला दुकानावरची पाटी दिसायला लागली, अक्षरांसकट.

तेवढ्यात वाटेच्या पलीकडच्या रांगेतला मिशीवाला मध्ये तडमडला. "काय रे गर्दी? आण इकडे." या मिशीवाल्याशी टणटणचं फारसं सूत नव्हतं. वरच्या लोकांना नमस्कार करताना तो जरा जास्त वाकतो, असा टणटणचा जुना संशय.

मिशीवाल्याने ऐकलं. "मस्त आहे की. डावी एकदम खणखणीत. उजवी तेवढी बसलीय."

"काय?"

"उजवी कमी येते."

"उजवी कमी म्हणतोस? दुकानवालीने किती दिले तुला?"

"कोण दुकानवाली? तोंड सांभाळ!"

"याला विचारा, त्याला विचारा, सगळे डावी म्हणतात!"

"म्हणू देत. माझ्या रांगेत विचार."

विचारलं. मिशीवाल्याच्या शेजाऱ्याने ऐकलं आणि सांगितलं, उजवी. त्याच्या शेजाऱ्याने, ज्याला भांडण कशाचं आहे तेसुद्धा माहीत नव्हतं, सांगितलं, उजवी. दुकानवाली काय आख्खी रांग विकत घेणार होती? टणटणला संशयाची सवय, पण संशयालाही उभं राहायला हातभर जागा लागते. ती त्याला सापडेना.

त्याने हेडफोन हातात घेतला. आजूबाजूला बघितलं, जणू चोरी करतोय. आणि उलटा घातला.

डावीकडची वाटी उजव्या कानाला. तिच्यातून बाई स्वच्छ बोलत होती. उजवीकडची वाटी डाव्या कानाला. त्या वाटीत तीच बाई, तोंडावर पदर धरून.

पैलवानाने खुणेने विचारलं, काय झालं? टणटणने आपल्या जागेवर जाऊन, मशिनसमोर रोज उभा राहतो तसा उभा राहून, मान डावीकडे वळवली. समोर थोरली. मग वाट ओलांडून मिशीवाल्याच्या जागी जाऊन उभा राहिला आणि मान उजवीकडे वळवली. समोर थोरली.

"बसा खाली सगळे," तो म्हणाला. "हेडफोन चांगला आहे."

"मग?"

"आपण चिरलोय."

कुणीतरी हसलं. मग त्याने एकेकाला उलटा घालायला लावला. पहिल्याचं हसू त्याच्या तोंडावरच राहिलं, दुसरा हसलाच नाही. नंतर शेडमध्ये डबे उघडे पडले होते आणि जेवत कुणी नव्हतं. पैलवान एवढंच म्हणाला, "माझी बायको म्हणते, तुम्ही माझ्याकडे लक्ष देत नाही. मी रात्री तिच्या उजव्या हाताला झोपतो." आणि मिशीवाला, जो वरच्यांना वाकून नमस्कार करायचा, तो थोरलीकडे असा बघत होता की तिच्या जागी माणूस असता तर पळाला असता.

एवढ्यात सुपरवायझर आला. हा दिवसभर वाटेच्या टोकाला, थोरलीच्या अगदी तोंडासमोर टेबल टाकून बसायचा. "काय चाललंय? गाणी ऐकायला येता का कामावर?"

"साहेब, या. ऐका," टणटण म्हणाला. "एवढंच सांगा, कुठली बाजू कमी?"

सुपरवायझरने त्याच्या ओठांकडे नीट बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून हेडफोन चढवला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने डावी वाटी दाबली, उजवी वाटी दाबली.

"काही येतच नाही. आवाज वाढव की."

टणटणने मोबाइल त्याच्यासमोर धरला. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत गेलेली होती. त्याहून पुढे जागाच नव्हती.

सुपरवायझरने पट्टीकडे बघितलं, मग रांगांकडे. तो मूर्ख नव्हता. हेडफोन काढताना त्याच्या हाताला घाई झाली. "वर बोलतो मी. उद्या."

"उद्या कशाला?" टणटण म्हणाला. "उद्या अजून थोडं कमी ऐकू येईल. कापूस कुठल्या कपाटात असतो ते तुम्हाला माहीत आहे. ती किल्ली घ्या आणि चला."

"मला कशाला गोवतोस?"

"तुम्हीच तर मोठे साक्षीदार. आमचा निदान एकेक शाबूत आहे."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. थोरलीचं बटण दाबायला कुणी गेलं नाही. सगळे ऑफिसच्या जिन्याकडे निघाले, दोन्ही रांगा, मध्ये सुपरवायझर, आणि पुढे टणटण, गळ्यात हेडफोन. जाता जाता त्याने पैलवानाला सांगितलं, "संध्याकाळी माझ्याबरोबर बाजारात यायचं. मागच्या बोळात मला एक वाक्य म्हणायचंय, आणि ते मी मोठ्याने म्हटलं की नाही हे सांगायला उजवा कान शाबूत असलेलं कुणीतरी हवं."

वर कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. टणटणने बोटाच्या पेराने त्यावर दोन टिचक्या मारल्या, आणि सवयीने मान वळवून, उजवा कान दाराला लावला. आत कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि मग एकदम चिडीचूप.

"आहेत आत," तो म्हणाला. आणि मूठ वळून दार वाजवायला लागला.