घर बंद आढळले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आता ऐंशीला टेकलो तेव्हा तुम्हाला सांगतो आहे, आणि सांगताना संताप येतो – स्वतःचाच, जास्त करून.

मी पेडणे तालुक्यात तलाठी होतो. निवृत्त झालो त्या दिवशी लोक म्हणाले, या माणसाने नियमाबाहेर एक अक्षर लिहिलं नाही. खरं आहे. तेच तर सांगायचं आहे. दर संविधान दिनाला शाळेत मला बोलावतात. मी उद्देशिका वाचतो, मुलं माझ्यामागून म्हणतात – न्याय, समानता. माझा आवाज अजून खणखणीत लागतो. कसा लागतो?

शेवंती नावाची एक विधवा मुंडकार होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत पिढ्यानपिढ्या घर करून राहिलेला माणूस. त्याला कुणी उठवू नये म्हणून आमच्या गोव्यात कायदा आहे. चांगला कायदा आहे. शेवंतीने त्याखाली अर्ज केला. भाटकार म्हणाला, ती इथे राहतच नाही. मामलेदारांनी मला पाहणीला पाठवलं.

कधी गेलो मी? एप्रिलात. दिवस भाटकारानेच सुचवला. काजूच्या दिवसांत इकडची कितीतरी घरं कुलपात असतात – माणसं बोंडू म्हणजे काजूची फळं वेचायला, दारूची भट्टी लावायला डोंगरावर जातात, खोपी घालून तिथेच राहतात आणि पावसाआधी खाली उतरतात. पेडण्यातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक. मला नव्हतं? आठवड्यापूर्वीच मी डोंगरावर तिच्या भट्टीवर बसून हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, प्यालो होतो. पेला तिनेच भरून दिला होता.

मी पंचनामा लिहिला. घर बंद आढळले. चूल थंड. घागरी पालथ्या. अंथरूण-पांघरूण नाही.

एकही शब्द खोटा नाही!

सुनावणीला मामलेदार नवे, शहरातून आलेले. शेवंतीचा वकील आलाच नाही. माझा कागद वाचला गेला तशी ती मागून ओरडली, "सायबा, आमी वर भट्टीर होतों! तलाठीबाबांक विचारा मरे – माज्या हातची हुर्राक घेवन गेलेत ते!"

लोक हसले. मामलेदारही हसले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं का हो?"

एक 'हो' पुरला असता. मी म्हणालो, "साहेब, जे पाहिलं ते लिहिलं आहे."

लाच घेतली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. घेतली असती तर निदान भाव तरी ठरला असता. भाटकाराने देवळाच्या आवारात माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हटलं होतं – "तू आपलो मनीस." आपला म्हणजे कोण? जातीचा. शेवंती नव्हती. त्या एका हातापुढे मी सरकारी नोकर उरलो नाही, नागरिकही नाही.

अर्ज फेटाळला गेला. पावसाआधी घर पाडलं. ती मुलीकडे मये गावी गेली, तिथेच वारली. तिच्या जागेवर आता बाहेरच्या कुणाचा बंगला आहे, वर्षभर बहुतेक बंदच असतो. त्याचा पंचनामा करायला कुणी जात नाही.

कायदा वेगळा, नीती वेगळी, असं शिकलेली माणसं सभेत सांगतात तेव्हा माझं डोकं फिरतं. कुठे वेगळी? शेवंतीच्या अर्जात ती दोन्ही एकाच बाजूला उभी होती. कायदा तिच्यासाठीच केलेला होता. तो तिच्यापर्यंत पोचवायला मध्ये एक माणूस लागत होता – आणि तो मी होतो. व्यवस्था म्हणून कुणाला शिव्या घालू? तिथे खुर्चीवर, पेन हातात घेऊन, मी बसलो होतो.

भीती होती, नोकरी होती, काळ तसा होता – यातलं काही मी पुढे करणार नाही. तुम्हीही करू नका. जिची माफी मागायची ती नाही, आणि तुमच्याकडून मला काही नको.

त्या पंचनाम्यात एक वाक्य कमी होतं, ते आज लिहितो. अर्जदार काजूच्या हंगामासाठी डोंगरावर आहे. हे तिचं राहतं घर आहे.

हे लिहिणाऱ्याला तेव्हाही माहीत होतं.