मागच्या सीटवरची नोकरी

तो इतका उंच होता, की शोरूममध्ये त्याला सगळे शिडी म्हणत. कंपनीने एक छोटी, स्वस्त गाडी बाजारात आणली, तेव्हा लोकांची एकच शंका होती: यात माणूस मावणार कसा? शोरूमच्या मालकांनी शिडीला नोकरीवर घेतलं. त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की मागच्या सीटवर जाऊन बसायचं आणि काचेतून हसायचं, एवढंच काम.

"हे मावले, मग तुम्हाला काय धाड भरलीय?" मालक विचारायचे.

गाडी धडाधड खपली. शिडीची पाठ मात्र कामातून गेली. एकदा एक शिक्षिका गाडी बघायला आली. पुढे बसून तिने आरशात पाहिलं.

"तुम्हाला त्रास नाही होत?"

"होतो," शिडी म्हणाला.

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. तरी बाईंनी गाडी घेतली. वर्षभरात दोघांचं लग्नही झालं.

पुढे टॅक्सीवाल्यांना त्या गाडीची गोडी लागली. पेट्रोल कमी पिते, दुरुस्ती कोपऱ्यावर होते. मग घरगुती गिऱ्हाइकं नाक मुरडायला लागली. "सिग्नलला थांबले की लोक मागे येऊन बसतात," एक बाई तक्रार घेऊन आल्या. कंपनीने गाडीचा चेहरा बदलला, बाजूला रंगीत पट्टा ओढला. टॅक्सीवाल्यांना ती आणखीच आवडली.

शेवटी कंपनीने ती बंद करून ऐसपैस गाडी आणली. शिडी सवयीने मागे जाऊन बसला.

"हे गृहस्थ गाडीबरोबर येतात का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

महिनाअखेरीस शिडी घरी बसला. चार दिवस तो भिंतीकडे बघत होता. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "माझी गाडी विकत मागायला आज तिघं आले होते. नवी मिळत नाही ना आता! तू जुन्या का नाही विकत?"

"मला काय येतं त्यातलं?"

"दुखतं तिथे दुखतं म्हणतोस. जुन्या गाडीला तेवढं पुरे."

त्याने एका गॅरेजशेजारी गाळा घेतला. तिथे पंखा होता, पण तो फिरत नव्हता. "हिचा क्लच जाणार आहे," तो आधीच सांगायचा. लोक चक्रावून जायचे आणि गाडी घेऊन जायचे. शाळा सुटली की बायको गिऱ्हाइकांना चक्कर मारून आणायची. टॅक्सीवाले तर स्वतः विकलेल्या गाड्या परत मागायला लागले. आता दोघांनी पलीकडचा गाळाही घेतलाय. त्यात पंखा आहे, आणि तो फिरतो.