अंगातला सदरा

आमच्या बांग राकाम गावात बांगकेव जातीची कुत्री घरोघर पाळतात, पण लाम्याईच्या अंगणातलं पिल्लू हवं असेल तर आधी अंगातला सदरा उतरवावा लागे. कुत्र्यांच्या बाबतीत तिचे गुरू असलेल्या चेमकाकांची ती शिकवण. घामट सदरा जमिनीवर अंथरायचा आणि पिल्लं मोकळी सोडायची. जे त्यावर जाऊन झोपेल ते तुमचं. महिनाभर सदरा धुवायचा नाही, पिल्लाखालीच ठेवायचा. एकही झोपलं नाही, तर आल्या पावली परत. एक साहेब चिडून नवाकोरा सदरा घेऊन आले, तेव्हा लाम्याई म्हणाली, "याला दुकानाचा वास येतोय. दुकानदारालाच पाठवा."

चेमकाका गेल्या थंडीत गेले. दहन करून परतताना लाम्याई मला म्हणाली, "घरात आहे ते वेत शेवटचं."

मी तिची शेजारीण, शेवयांची गाडी चालवते, तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. "अगं, जन्म गेला यात तुझा. बसून काय माशा मारणार?"

"बाळंतपणात कुत्री अडली की मी काकांकडे पळायचे. आता पळू कुणाकडे? मला पिल्लं नकोत. मला मेक हवाय."

मेक म्हणजे काकांचा म्हातारा नर. बांगकेव कुत्रं जन्मभर एकाच माणसाचं होऊन राहतं, आणि याचा माणूस तर गेला होता. तेव्हापासून तो काकांच्या खांबांवरच्या घराचा जिना अडवून बसला होता. पुढे काही आठवड्यांनी काकांच्या मुलीने घर विकलं. सुतार फळ्या उतरवायला लागायचा दिवस ठरला. तोवर मेक आपणहून खाली आला नाही, तर जाळं टाकून त्याला विहारातल्या भटक्या कुत्र्यांत नेऊन सोडणार होते.

आदल्या दिवशी सकाळी शेवटचं पिल्लू गेलं आणि दुपारी लाम्याई मेकला कशी उतरवते ते बघायला सारी गल्ली काकांच्या दारात. मोजमापं घ्यायला आलेला सुतार विचिनसुद्धा फूटपट्टी खिशात घालून उभा राहिला. मी पातेलंभर शेवयांची पैज लावली की मेक लाम्याईला चावणार.

लाम्याई आली ती आपल्या सदऱ्यावर काकांचा चौकड्यांचा सदरा चढवून. मेक ताडकन उठला, शेपूट हलवत खाली आला. त्याने एकदा हुंगलं, गुरगुरला, बाही धरली आणि टर्रकन फाडली. बाही घेऊन वर गेला आणि त्या बाहीवरच बसला. त्या हिसक्याने लाम्याई चिखलात.

विचिन हसू दाबत म्हणाला, "मावशी, दुसऱ्याचा सदरा घालून गिऱ्हाईक आलं असतं, तर दिलं असतंत पिल्लू?"

ती चिखलातच बसून राहिली. मग खो खो हसायला लागली. "हाकलून दिलं असतं रे. जन्मभर लोकांना शिकवलं आणि स्वतःच विसरले." मग माझ्याकडे वळून, "ए, तुझा पंचा दे इकडे. आणि पुरुषांनो, तोंडं फिरवा."

पंच्याच्या आडोशाने तिने काकांचा सदरा बाजूला टाकून स्वतःचा घामाने ओलाचिंब सदरा काढला, खालच्या पायरीवर पसरला आणि पंचा गुंडाळून जिन्याकडे पाठ करून बसली. खाऊ दाखवायचा नाही, हाक मारायची नाही, हाही काकांचाच नियम.

आम्ही तिष्ठत उभे. पैज हरू दे म्हणून मी नवस बोलले, तोही माझ्याच शेवयांचा.

मेक उठला. एक पायरी उतरला, थांबला. परत वर गेला. गल्लीभर चुकचुकणं झालं. पण तो गेला होता फाटकी बाही आणायला. ती तोंडात धरून तो सावकाश खालपर्यंत आला, लाम्याईच्या सदऱ्यावर ठेवली, दोन्हींवर गोल फिरला आणि अंग टाकून डोळे मिटले.

"आला का गं?" तिने मागे न बघता विचारलं.

"आला," मी म्हणाले. "काकांची बाही घेऊन आलाय."

ती रडली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मग नाक पुसून म्हणाली, "घरून दुसरा सदरा आण माझा. हा आता महिनाभर मिळायचा नाही."