भास्करचा हात

सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटतं की माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे. हे एक ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. इतकी वर्षं गिळलं, आता गिळवत नाही — एवढंच.

गेल्या महिन्यात एक कॉलेजची मुलगी घरी आली. मिठी नदीकाठच्या कारखान्यांचा इतिहास लिहितेय म्हणाली. तिने मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि मी सुटलो. मरोळला आमची कंपनी, मागच्या भिंतीला लागून नदी. पाण्याकडे बघून सांगता यायचं, आज कुठल्या गाळ्यात कुठला रंग चाललाय. एक मोठी कंपनी आणि तिच्या जिवावर आजूबाजूचे गाळे — कुणी गिअर कापतोय, कुणी प्लेटिंग करतोय, कुणी नुसती पिंपं धुतोय. मग जमिनीला सोन्याचा भाव आला, कंपन्या एकेक करून गुजरातकडे निघाल्या, गाळे ओस पडले. आता तिथे काचेची ऑफिसं. सगळं सांगितलं. संप, बोनस, पुरात मशिनवर चढलेला चिखल. मुलगी खूश.

शेवटी तिने विचारलं, "काका, तुमच्या टूलरूममध्ये सगळ्यात चांगला कारागीर कोण होता?"

"तसे सगळेच चांगले होते गं," मी म्हटलं.

खोटं. भास्कर होता.

आम्ही एकाच दिवशी फिटर म्हणून लागलो, शेजारी शेजारी उभे राहिलो, डबा एकत्र खाल्ला. त्याने कानस चालवली की लोखंडाचे दोन तुकडे असे बसायचे, की मधून उजेड जायचा नाही. साहेब माझं काम हातात घेऊन म्हणायचे, "ठीक." त्याचं घेऊन काहीच म्हणायचे नाहीत — नुसतं फिरवून फिरवून बघत राहायचे. ते न बोलणं मला डसायचं. आमच्या तीन पिढ्या कोकणातून येऊन गिरणी-कारखान्यात राबलेल्या, आणि हा जालन्याकडचा, चौदा एप्रिलच्या जयंतीला अख्ख्या शॉपला पेढे वाटणारा, कालचा पोर माझ्या पुढे? हो, हेही मनात होतं. नव्हतं कसं म्हणू? आणि सगळ्यात जास्त राग कशाचा — तर त्याला माझा कधी हेवा वाटला नाही, याचा.

मग कंपनी हलायची ठरली. मरोळला फक्त छोटी टूलरूम राहणार, आमच्यातला एकच फिटर ठेवणार. त्यासाठी टेस्ट — तुकडा कानशीने ठरल्या मापाला आणायचा. माझी बुधवारी झाली, बरी झाली. भास्करची गुरुवारी. त्याचा मायक्रोमीटर नेमका दुरुस्तीला गेलेला. त्याने बुधवारीच माझा मागून ठेवला होता.

आमच्यात एक रीत होती. माप घेण्याआधी मायक्रोमीटरचा झिरो बघायचा, तो हलला असेल तर सगळी मापं चुकतात. पण दुसऱ्याने आपला देताना "झिरो बघितलाय" म्हटलं, की परत बघायचा नाही. त्याच्यासमोर बघणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं म्हणणं.

मी आदल्या संध्याकाळी पान्याने झिरो हलवला होता. केसभर.

"झिरो बघितलाय रे. बिनधास्त घे."

"तू दिलायस ना, मग झालं."

साहेबांनी मोजला, तर त्याचा तुकडा केसभर बारीक झालेला. लोखंड घासता येतं, परत चढवता येत नाही. तो नापास. त्याने मायक्रोमीटर परत केला, मी संडासात जाऊन झिरो जागेवर आणला. सुट्टी व्हायच्या वेळी तो पुन्हा आला, मायक्रोमीटर मागितला — मला वाटलं, वाट लागली. त्याने झिरो बघितला. बराच वेळ बघितला.

"बरोबर आहे रे," म्हणाला. "माझाच हात गेला, यार."

तेव्हा बोलता आलं असतं. मी काय केलं? त्याच्या खांद्यावर थोपटलं.

मी तिथूनच रिटायर झालो. त्याला दुसरीकडे सहज काम मिळालं असतं, पण त्याने कानस परत धरलीच नाही. कांजूरमार्गला भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसायला लागला. हत्यारं मला देऊन टाकली, तुझ्याकडे कामाला येतील म्हणून.

ती मुलगी येऊन गेल्यावर झोप उडाली. परवा ठरवून त्याच्या घरी गेलो, आज सांगायचंच म्हणून. दाराला नवी कडी बसवायची होती, चार स्क्रूचं काम. त्यासाठी त्याने सुतार बोलावला होता. स्वतः बाजूला उभा, हात मागे बांधून.

"आपल्याला नाही रे जमत आता असलं," मला बघून हसला.

सुताराने कडी वाकडी बसवली. भास्करला ते दिसलं. त्याला दिसलं हे मला दिसलं. त्याने मान खाली घातली. पैसे दिले आणि सुताराला चहा विचारला.

मीही चहा घेतला. काही न सांगता निघालो. भीतीने गप्प बसलो, असं म्हणायची सोय आहे. पण ती कडी वाकडी बसली आणि त्याने मान खाली घातली, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.