न जोडलेल्या गेजचा काटा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आलो... आणि हसत आलो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. डिप्लोमा मेकॅनिकल झालोय, सांगलीत विश्रामबागला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. कुणी गिऱ्हाईक "गाडीला नजर लागली हो" म्हणालं की "आधी एअर फिल्टर साफ करा" म्हणणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय. अर्थात लाज वाटायचं खरं कारण वेगळंच आहे, ते पुढे येईलच.

आमचं गाव कोरेगावजवळ. वडील — आम्ही आबा म्हणतो — मिलिटरीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर लिलावात निघालेली एक जुनी जीप त्यांनी घेतली आणि तिचं इंजिन स्वतःच्या हातानं बांधलं. आजही रोज सकाळी फौजेसारखी 'फर्स्ट परेड' करतात. पाणी, तेल, चाकातली हवा, सगळं बघितल्याशिवाय किल्लीला हात नाही. आई चिडवते, "माझं डोकं दुखतंय का ते कवा बघितलं न्हाई, तिचं तेल मात्र रोज बघत्यात!"

जीपचं मूळचं ऑइल प्रेशर गेज कधीच मेलं होतं. "तेलाचा दाब दिसल्याबिगर गाडी चालवायची म्हंजे डोळं बांधून चालायचं," हे आबांचं पालुपद. म्हणून यंदा दसऱ्याच्या आधी जीप सांगलीला आणली, मेकॅनिकल गेज बसवायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — या गेजला वायर नाही, बॅटरी नाही. इंजिनातून एक बारीक नळी निघते, तिच्यातून खरंखुरं तेल गेजपर्यंत येतं आणि त्याच्या दाबानं काटा सरकतो. नळी जोडली नाही तर काटा मेलेला. बास, एवढं लक्षात ठेवा.

काम दिलं होतं शकीलभाईंना, आमचे जुने मिस्त्री. आणि नेमकं खंडेनवमीच्या सकाळी ते म्हणाले, "संजूदादा, इंजनाचे आटे जुने, नळीचे नवे. बसत न्हाईत. मधला तुकडा लेथवर करून घ्याय लागंल. आन् आज लेथ बंद." खरंच होतं. लेथवाल्यानं मशीन धुऊन, हळदकुंकू लावून, हार घालून ठेवलं होतं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराला कुणी हात लावत नाही. शकीलभाईंनीही आपले पाने पुसून फडक्यावर मांडले होते. "दसरा झाला की एका दिवसात करतो," म्हणाले.

पण तिकडे आबांचा फोनवर फोन. "संज्या, जीप पूजेला दारात पायजे रं!" एकही खंडेनवमी चुकलेली नाही त्यांची. मग मीच शकीलभाईंच्या मागे लागलो — गेज नुसतं डॅशबोर्डला बसवा, नळी गुंडाळून मागं बांधून टाका, इंजिनात नळीसाठी जे भोक आहे त्याला जुना प्लग, म्हणजे बूच, लावा. त्यांनी नाराजीनं पाना परत उचलला. "प्लग तात्पुरता हाय बरं का. लय पळवू नका." मी हो हो म्हणत निघालोसुद्धा.

वाटभर काटा शून्यावर मेलेलाच होता. घरी पोचल्यावर आबांनी गेजवरून हात फिरवला. "जोडलं सगळं?"

"जोडलं की! एकदम ओक्के."

सणासुदीला कशाला म्हाताऱ्या माणसाचा विरस करायचा, असं वाटलं. दसरा झाला की गुपचूप जोडून आणू. कुणाला कळतंय!

दसऱ्याच्या सकाळी फर्स्ट परेड झाली आणि आबांनी किल्ली फिरवली. 'नवीन गेज हाय, काटा अडकला असंल' हे वाक्य मी तोंडात तयारच ठेवलं होतं... आणि काटा हलला. सावकाश वर चढला आणि चाळिसावर जाऊन थांबला.

"बघ रं! चाळीस! तरणं हाय अजून इंजन!" आबांचा चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू.

चप्पल शोधायचं निमित्त करून मी डॅशबोर्डखाली वाकलो. नळी गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली, टोक उघडं. बोट लावलं तर कोरडं ठणठणीत. मग मीच मनाची समजूत घातली — स्प्रिंग ढिली असेल, इंजिनाच्या थरथरीनं चढला असेल काटा. डोक्याला काहीतरी खायला घालावं लागतं ना!

उंब्रजला आत्याकडे सोनं द्यायला निघालो. मी चालवत होतो, आबा शेजारी. रहिमतपूर सोडलं आणि आबा म्हणाले, "संज्या, काटा खाली यायलाय."

"नवीन हाय आबा, खेळतोय जरा."

"आरं, थांब. बघू तरी."

मी थांबलो नाही. का? तो काटा कशालाच जोडलेला नाही हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. खोट्या काट्याचं काय ऐकायचं? आणि खरं बोलायचं तर... थांबलो असतो तर आबांनी बॉनेट उघडलं असतं, आणि माझी लबाडी उघडी पडली असती. काटा शून्यावर आला. आबा दोनदा, तीनदा म्हणाले, "थांब म्हणतोय न्हवं!" मग इंजिनात खडखड सुरू झाली, एक हिसका बसला आणि सगळं जाम.

रस्त्याकडेला आबांनी तेलाची पट्टी ओढली, धोतराला पुसून परत घातली, परत ओढली, डोळ्यांजवळ धरली. कोरडी. मी पलीकडच्या बाजूनं वाकून बघितलं. प्लग निघून पडला होता, सगळं तेल रस्त्यावर गेलं होतं. मी बॉनेट लावून टाकलं.

आबा मोरीच्या कठड्यावर बसले. "सकाळी मीच बघितली हुती पट्टी. भरल्याली दिसली हुती मला." मग हळूच म्हणाले, "डोळं गेलं रं माझं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय म्हणालो? "असू दे आबा, होतं कधीकधी." होतं! आपल्याच हातानं आपलं थोबाड फोडावं असं वाटतं आठवलं की.

जीप सांगलीला ओढून आणली. शकीलभाईंनी गेज काढलं, नळी माझ्यासमोर फुंकली. आत तेलाचा थेंब नव्हता. काटा चाळिसावर होता तेव्हा इंजिनात खरोखर तेवढाच दाब असणार आणि तो खरोखर तसाच उतरला असणार, हे त्यांनीही मान्य केलं. पण काट्याला ते कळलं कसं? "मला न्हाई सांगता यायचं दादा," म्हणाले आणि गेज परत खोक्यात ठेवलं.

पुढे जीप दुरुस्त होऊन दारात आली, तरी आबांनी गाडी चालवणं सोडलं. फर्स्ट परेड बंद. डोळ्यांच्या डॉक्टरनं नजर ठीक आहे म्हणून सांगितलं, तरी विश्वास नाही. पेपर वाचताना आईला विचारायचे, "इथं हेच लिवलंय न्हवं?" आईनं फोनवर हे सांगितलं आणि मला राहवलं नाही. गावी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

आबांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

"नळी नव्हती?"

"नव्हती."

"आन् काटा पडला."

"पडला. तुमीच बघितला की."

"म्हंजे डोळं बरोबर हाईत माझं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "जोडल्यालं नसताना त्या लोखंडानं खरं सांगितलं. तू पोटचा, आन् तुला जमलं न्हाई व्हय रं?"

मान खाली घालून रडलो, दुसरं काय.

नळी नसताना काटा कसा चढला आणि कसा उतरला, हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर लिहा. थरथर म्हणा, उष्णता म्हणा, काहीही म्हणा, ऐकून घेईन. आबा आता फर्स्ट परेड परत करतात, आत्या आली की तिच्या स्कूटरचीसुद्धा. माझ्याशी बोलतात, हसतातही. फक्त मी काही सांगितलं की "बरं" म्हणतात आणि उठून स्वतः बघून येतात.